न घेतलेल्या मशीनचा रिपोर्ट

"मशीन ठरली आहे, मॅडम. तुमी फक्त रिपोर्ट बनवून द्या." घनश्यामभाऊंनी कोटेशन माझ्या टेबलावर ठेवलं.

रामटेकजवळ त्यांची राइस मिल आहे. त्यांना हवा होता कलर सॉर्टर, म्हणजे कॅमेऱ्यानं तांदूळ तपासून डागाळलेला दाणा बाजूला काढणारी मशीन. अशा खर्चासाठी बिझनेस केस तयार करणं हे माझं काम. पैसा कशासाठी घालायचा आणि नाही घातला तर काय होईल, हे त्यात लिहायचं. बहुतेक लोक उत्तर ठरवूनच येतात. भाऊ तर राहतं घर गहाण ठेवायला निघाले होते.

"मशीन कशाला हवी?" मी विचारलं.

"दुकानदार माल वापस करून राहिले नं."

"का करतात?"

"डाग असन. माझ्या साळ्यानं घेतली मशीन, त्याचा माल वापस येत नाही."

रिपोर्टच्या पहिल्या पानावर नेमकी अडचण काय आहे ते लिहायचं असतं. ते कोरं ठेवून मी नागपूरच्या इतवारी बाजारात त्यांचा माल घेणाऱ्या एका दुकानदाराकडे गेले. त्यानं पोत्यातून मूठभर तांदूळ काढला. "डाग चालून जाते, मॅडम. ही कणी पाहा. अर्धे दाणे तुटलेले आहेत."

मला स्वतःचाच राग आला. याआधी दोन मिलवाल्यांना मी असं काही न विचारता रिपोर्ट करून दिले होते.

मग मिल पाहायला गेले. सिमेंटच्या अंगणात, रणरणत्या उन्हात धान पसरलेलं. दुपारी भाऊंच्या पत्नी सुनंदाताईंनी जेवायला वाढलं. ताटातल्या भाताचं शीत न् शीत अख्खं होतं.

"हा तांदूळ कुठला?"

"आपल्याच मिलचा. घरचं धान मी सपरीत वाळवते, सावलीत. उन्हात ते तडकते, मंग मिलमदी तुटते."

भाऊंचा घास हातातच राहिला. "मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी विचारलं कधी? घराच्या कागदावर सही कर, एवढंच म्हणाले."

तुटलेला दाणा कलर सॉर्टर काही जोडून देत नाही. मी केस लिहिली ती धान वाळवायच्या साध्या शेडची. शेड शिलकीतल्या पैशात झाली. पुढच्या हंगामात माल परत येणं जवळजवळ थांबलं, आणि घराचे कागद सुनंदाताईंच्या कपाटातून हलले नाहीत. मला फार बरं वाटलं.

"मशीन तर घेतलीच नाही, मंग फी कायची?" भाऊ हसत म्हणाले.

"न घेतल्याचीच."

फी त्यांनी दिली. आता ओळखीच्यांना सांगतात, "त्या मॅडमकडे जाऊ नका, मशीन घेऊ देत नाहीत." तरी लोक येतात. मीही एक नियम केलाय. मिल पाहायला गेले की जेवल्याशिवाय परतत नाही.