स्वयंपाकीणबाईंच्या नावावरचा बंगला

लाचलुचपत विभागात असताना हाताळलेलं ते प्रकरण अजूनही माझ्या मनातून गेलेलं नाही. आरोपी होते आमच्या भागातून तीनदा निवडून आलेले आमदार.

खबर दिली एका निवृत्त शिक्षकांनी. गारखेड्यात त्यांच्या घरासमोरच्या मैदानाचं आरक्षण आमदारांच्या शिफारशीनं उठलं आणि तिथं एका बिल्डरच्या इमारती झाल्या. मास्तर म्हणाले, "साहेब, त्याच बिल्डरनं आमदारांना बंगला दिलाय. पण कागदावर त्यांचं नाव सापडायचं नाही."

गोपनीय चौकशी सुरू केली. दुय्यम निबंधक कार्यालयातून बिल्डरनं विकलेल्या त्या बंगल्याच्या दस्ताची नक्कल आणली. खरेदीदार म्हणून एका बाईंचं नाव, फोटो आणि अंगठा होता. त्या आमदारांच्या घरी स्वयंपाक करत आणि दोन मुलींसह मुकुंदवाडीत पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहत.

महिला हवालदाराला घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो. बाई कटात सामील आहेत असं धरूनच मी आवाज चढवला.

"गारखेड्यातला बंगला कुठून आला?"

"माझा कुठला बंगला, साहेब?"

मी फोटो दाखवला. त्या बघत राहिल्या. "हा तर घरकुलाच्या कागदाचा फोटो. घरकुल मिळवून देतो म्हणून आमदारसाहेबच गाडीत घालून घेऊन गेले होते, अंगठा घेतला. गारखेड्यातला बंगला त्यांचा हाय. दर शुक्रवारी मीच झाडायला जाते की. त्यांच्या घरच्या वहिनी चावी देतात."

इथं प्रकरण फुटलं. न्यायालयाकडून झडतीचं वॉरंट घेतलं. पंचांसमक्ष आमदारांच्या घरातल्या कपाटात बंगल्याचा मूळ दस्त मिळाला. बाईंच्या नावाचा मूळ कागद आमदारांच्या कपाटात, यावरच खटला उभा राहिला. अटक झाली, दोषारोपपत्र गेलं.

आमदार जामिनावर सुटले. साक्षीच्या आदल्या आठवड्यात बाई माझ्या कार्यालयात आल्या.

"साहेब, त्यांचा माणूस आला होता. म्हणतो, कोर्टात बंगला माझाच म्हण, मग पोरींना घेऊन खुशाल राहायला जा. नायतर कुठंच काम मिळू देणार नाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"रात्रभर झोप नाय लागली. पोरींनी जन्मात वेगळी खोली बघितली नाय, साहेब."

त्या धमकीची फिर्याद नोंदवली, संरक्षण दिलं. पण त्या काय बोलतील, हे मलाही माहीत नव्हतं.

उलटतपासणीत आमदारांच्या वकिलांनी जोर लावला. "बंगला तुमचाच आहे, खरं की नाही?"

बाई म्हणाल्या, "माझा असता तर मी दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक कशाला केला असता, वकीलसाहेब?"

आमदारांना शिक्षा झाली, आमदारकी गेली. बंगला सरकारजमा झाला. बाईंना मास्तरांच्या ओळखीनं एका वसतिगृहात काम मिळालं.

निकालाच्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "बाई, पहिल्या दिवशी मी तुम्हाला चोर समजलो होतो. माफ करा."

"व्हय, कळलं होतं मला," त्या हसल्या. "पण तुम्ही माझं ऐकून तरी घेतलं."

पुरावे गोळा करण्यात मी कच्चा नव्हतो. तो तपास आजही डोळे झाकून कुणापुढेही ठेवीन. पण गरीब माणसाला घर दाखवलं की तो बधणारच, असं आमदारांनी गृहीत धरलं होतं. त्या खोलीत पहिलं पाऊल टाकताना मीही तेच गृहीत धरलं होतं. आमदार आणि मी, दोघांनाही त्या बाईंनी खोटं ठरवलं.