चौघींची सोय

"तुझं आडनाव तेवढं नको लिहूस," मोठ्या बाई म्हणाल्या. "असं कर, माझंच लाव. माझी पुतणी म्हणून चल."

पोस्टकार्ड मीच लिहीत होते. शाळेची सगळी पत्रं माझ्याकडे यायची, कारण माझं अक्षर मोत्यासारखं. नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. नाशिक रोडच्या त्या शाळेत मी नवी शिक्षिका होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजणी अलिबागला जाणार होतो. समुद्र मी पाहिला नव्हता. निफाडकडं द्राक्षबागांत मजुरी करणाऱ्या माझ्या आईनंही नाही.

मी म्हटलं होतं, लॉजवर उतरू. चौघींनी नाकं मुरडली. लॉजच्या चादरीवर कोण कोण झोपून गेलेलं असतं, म्हणे. मग मोठ्या बाईंनी घरगुती सोय शोधली. नारळाची वाडी, हाकेच्या अंतरावर समुद्र, केळीच्या पानावर जेवण. तिथल्या काकूंचं पत्र आलं: खोल्या आहेत, येणाऱ्यांची नावं आडनावासकट कळवा.

आडनाव कशाला हवं ते मला कळत होतं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनाच कळत होतं. बाकीच्या तिघी चहा पीत होत्या. एकीनंही कपातून डोकं वर काढलं नाही.

"अगं, तुझ्या भल्याचंच सांगतेय. चार दिवसांचा तर प्रश्न. कुणाला कळणार आहे?"

प्रेमानं बोलत होत्या. तेच झोंबलं. शिवी दिली असती तर तोंडावर परत केली असती.

आणि मी लिहायला घेतलं. हो, घेतलं. त्यांच्या आडनावाचं पहिलं अक्षर कार्डावर आलंसुद्धा. समुद्र बघायचा होता ना मला! त्या एका अक्षराची लाज मला अजून वाटते.

आईला लिहिता येतं ते फक्त तिचं नाव आणि आमचं आडनाव. माझ्या शाळेच्या कागदांवर अंगठा नको, म्हणून शिकली. इतकं दाबून लिहायची की कागद फाटायचा. मी हसले की म्हणायची, "आपलं हाय ना? मंग दाबूनच लिव्हायचं."

मी ते अक्षर खोडलं. शेजारी माझं आडनाव लिहिलं. दाबून. कार्डाच्या मागच्या बाजूला उठलं. मधल्या सुट्टीत स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

आठवड्यानं उत्तर आलं: "पाचजणींची सोय होणार नाही. चौघींची होईल."

चौघी गेल्या.

"उगाच हट्ट केलास," परत आल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या आणि माझ्या हातावर नारळाची वडी ठेवली. मी ती टेबलावर ठेवून वर्गावर गेले.

उन्हाळ्यात मी आईला घेऊन अलिबागला गेले. एसटी स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. रजिस्टरमध्ये आईनं सही केली. पान फाटता फाटता राहिलं. समुद्र बघून ती म्हणाली, "लय मोठा हाय." त्या वाडीवरून आम्ही दोनदा गेलो. फाटकाकडं मी बघितलंही नाही.

पुढच्या दिवाळीला मोठ्या बाईंनी पुन्हा कार्ड पुढं केलं. "तूच लिही बाई, तुझं अक्षर छान."

"अक्षर माझं आहे," मी म्हणाले. "तुमची यादी तुम्ही लिहा."

तेव्हापासून कुठंही उतरायचं असलं की मी आडनाव आधी सांगते. मोठ्यानं सांगते. दार लावायचं असेल त्यानं माझ्या तोंडावर लावावं, पोस्टानं नाही. माझं आडनाव मी पुन्हा बाजूला ठेवणार नाही. समुद्रासाठीसुद्धा नाही.