माणिकरावांची पँट

आमच्या फाउंड्रीत मेंटेनन्सचे साहेब होते माणिकराव. खुर्चीतून उठले की आधी वाकून पँटीची इस्त्री बघायचे, मग खिडकीतून भट्टीकडे बघायचे आणि पुन्हा बसायचे. खाली काही बिघडलं की उत्तर ठरलेलं, "उतरलो असतो की मी, पण ही पँट त्या कामाची न्हाय."

त्या कामाची पँट ते कायम शोधत असायचे. कोल्हापूरचा अख्खा महाद्वार रोड पालथा घातला, जयसिंगपूरचा शिंपीही करून झाला. टेरिकॉटला ठिणगीनं भोकं पडतात, जीन्स मालकांसमोर चालत नाही, सुती कापड गुडघ्याला फुगतं. "हापिसात सायेब दिसलं पायजे आन् खाली फिटर. मिळू दे तशी पँट, मग बघा!" नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, यांचं अंगण सदा शिंप्याकडं पडलेलं. मला या माणसाचा मनापासून तिटकारा होता.

अखेर ती मिळाली. राखाडी, जाड, दुहेरी शिलाईची. सगळ्यांना हात लावून बघायला लावली आणि कपाटात नेऊन ठेवली. खराब होईल म्हणे.

त्याच आठवड्यात भट्टी गार ठेवणाऱ्या पाण्याचा पाइप फुटला. पाणी भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडात गेलं असतं तर स्फोट होऊन आम्ही कुणी वाचलो नसतो. फिटर शंकर खड्ड्यात उतरला. पाइप धरायला आणखी एक माणूस हवा होता.

"सायेब, या की लवकर!" तो खालून ओरडला.

"आलो, आलो! पँट बदलून येतो," म्हणत माणिकराव केबिनकडे पळाले.

शेवटी मी उतरलो. पाइप बसला, पण उकळत्या पाण्यानं शंकरचा हात कोपरापर्यंत भाजला. आम्ही वर आलो तर माणिकराव नव्या पँटीत उभे, कमरेला दुकानाची चिठ्ठी लोंबतेय.

"झालं व्हय? जरा दम धरायचा की!"

खंडेनवमीला पूजेसाठी हत्यारं मांडली होती: नट आवळायचे पाने, हातोडे, घण. शंकरनं उघड्या कपाटातली ती पँट आणली, घडी करून पान्यांशेजारी ठेवली आणि पट्टी बांधलेल्या हातानं तिच्यावर मूठभर हळद-कुंकू वाहिलं. वर तांब्यातलं पाणी शिंपडलं.

"आरं, हळदीचा डाग जात न्हाय!" माणिकराव किंचाळले.

"ज्याचं त्याचं हत्यार, सायेब. पुजायला नको व्हय?"

पुढे ते हुपरीकडच्या एका कारखान्यात गेले. तिथंही खाली उतरत नाहीत, असं कळतं. एक चांगली पँट होती, ती कोल्हापुरात शंकरनं नासवली, असं सांगतात.