यादीतून गळलेली सिग्मा

आमच्या कॉलेजातल्या भौतिकशास्त्राच्या सरांइतका उदास माणूस भोकरदन तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि होणारही नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. लोक तेराव्याच्या पंगतीतसुद्धा हळूच बुंदीची चौकशी करतात. हे गृहस्थ लग्नाच्या पंगतीत तेराव्याला बसल्यासारखे जेवत. स्टाफरूममध्ये कुणी ‘काय सर, बरं आहे ना?’ विचारलं, की प्रश्न फार अवघड आल्यासारखे खिडकीबाहेर बघत. मी मराठी शिकवायचो, बिऱ्हाड त्यांच्या खोलीला लागून, आणि रात्रीची भाकरी ते आमच्याकडेच खायचे. त्यामुळे ती उदासी सगळ्यात जवळून भोगली मी आणि माझ्या बायकोनं. गंमत म्हणजे, त्या वर्षांत मी पोट धरून हसलो तेही बहुतेक त्यांच्यामुळेच.

उदासीचं जाहीर कारण होतं सिग्मा. सिग्मा हा एक मेसॉन, म्हणजे अणूच्या गाभ्याहूनही लहान असा कण, आणि तोही असा अल्पायुषी की आला म्हणेपर्यंत गेलेला. सर तिला ‘ती’च म्हणत. अशा कणांना रेझोनन्स म्हणतात, हे त्यांनी मला एसटीत शिकवलं. राजूरच्या पुढे गाडीनं एक ठरावीक वेग धरला की सगळ्या खिडक्या एकदम खडखडायच्या, वेग बदलला की गप्प. ‘हेच ते,’ म्हणत सर उठले आणि मला नीट कळावं म्हणून ड्रायव्हरला गाडी जरा हळू, आता जरा जोरात, असं सांगायला लागले. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि आम्हा दोघांना मागच्या बाकावर नेऊन बसवलं. तिथे, हाडं खिळखिळी होत असताना, पुढचा धडा झाला. कणाचा असा खडखडाट झाला की आलेखावर शिखर उभं राहतं. कण जितका कमी जगतो तितकं शिखर पसरट. सिग्मा इतकी कमी जगते की तिचं शिखर म्हणून दाखवता येत नाही, नुसता फुगवटा दिसतो. म्हणून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी कणांच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलेलं.

आणि सरांची पीएच.डी. नेमकी तिच्यावर! ती क्वार्क नावाच्या आणखी बारीक कणांतल्या दोघांची, की चारांची, की पायॉन नावाचे दोन कण घडीभर एकमेकांना बिलगल्यामुळे झालेली, अशी वेगवेगळी मॉडेलं ते मांडायचे आणि खोडायचे. औरंगाबादचे त्यांचे गाइड कावले होते. जी नाहीच तिच्यावर प्रबंध कसला लिहिता, विषय बदला, वर्षभरात पदवी देतो, असं त्यांनी किती वेळा समजावलं. सर ‘बघतो’ म्हणून परत येत आणि पुन्हा तिचंच गणित काढून बसत. तो फुगवट्याचा आलेख त्यांनी खोलीतल्या भिंतीवर डकवला होता. घरमालक शेठजी मारवाडी, कापडाचे व्यापारी, भाविक माणूस. दसऱ्याला पूजेचं ताट घेऊन आले, तो आलेख कुठल्यातरी देवीचा डोंगर समजून त्यावर कुंकू लावून हात जोडून गेले. मी ओरडणार होतो. सरांनी चष्मा लावून जवळून पाहिलं आणि म्हणाले, ‘असू द्या. बिंदू बराबर जागेवर पडला.’

एकदा अंबडकडून त्यांचे मामा आले आणि आम्हाला बदनापूरला मुलगी बघायला घेऊन गेले. मुलगी शिक्षिका, घर चांगलं, पोहे गरम. मुलगा प्रथमवर, निर्व्यसनी, प्रोफेसर, असं मामांनी सुरू केलं. सरांनी बशी खाली ठेवली.

‘मामा, मी प्रथमवर न्हाई. बिजवर आहे.’

मी तर उडालोच. इतकी वर्षं मी त्यांना सडाफटिंग समजत होतो. मामा कसनुसं हसले आणि सांगायला लागले, की वैशाखात लग्न झालं, पहिल्या दिवाळसणाच्या आत पोरगी काविळीनं गेली. एवढ्याशा संसाराला कुणी लग्न धरतं का? मुलीचे वडीलही समजूतदार. न्हाई धरत, म्हणाले. आता इथे शहाण्या माणसानं गप्प बसावं की नाही? यांनी सिग्मा काढली! पोह्यांच्या बशीत बोटानं फुगवटा काढून त्या भल्या माणसाला समजावत बसले. मुलगी तेवढी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होती, हे मी पाहिलं. नकार अर्थात वडिलांकडून आला.

परतताना बसस्टँडवर मामा आमच्याशी बोलेनात. पलीकडच्या बाकावर तोंड फिरवून बसले. सर मला हळूच म्हणाले, ‘थोडाच येळ होती, म्हणून नव्हतीच, असं कसं म्हणून राह्यले हे लोक? तिला धरल्याबिगर माझा बाकीचा हिशेबच लागत न्हाई.’ मला फार वाईट वाटलं. मामांनी पुन्हा स्थळ आणलं नाही.

पुढे बरीच वर्षं गेली. गाइड निवृत्त झाले, प्रबंध राहिला तो राहिलाच, सरांचे केस पिकले. कणांची यादी छोट्या पुस्तिकेच्या रूपात परदेशातून त्यांच्या नावावर टपालानं यायची. एका संध्याकाळी ते आमच्या दारात उभे, एका हातात पुस्तिका, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. यांच्या हातात पेढे बघून माझी बायको घाबरलीच.

‘वहिनी, घेतली तिला परत,’ सर म्हणाले. ‘वजनाचा आकडा अजून पक्का न्हाई. पण आहे, असं छापलं.’

बायकोला बदनापूरची हकिगत मी कधीच सांगितली होती. मेसॉन तिला कळत नव्हता आणि कळून घ्यायचाही नव्हता. तिनं पेढा हातात घेतला आणि विचारलं, ‘भाऊजी, आमच्या जाऊबाईंचं नाव काय होतं हो?’

सरांनी पुडा खाली ठेवला. हे त्यांना आजवर कुणी विचारलंच नसावं. मीही नाही.

‘द्वारका,’ ते म्हणाले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि त्या दिवशी प्रथमच भाकरी मागून घेऊन पोटभर जेवले.

नोकरीत असतानाच सर गेले. रात्री झोपले ते उठलेच नाहीत. शेठजींनी खोली पुन्हा भाड्यानं दिली, पण आलेख काढला नाही. पुस्तिका अजूनही त्यांच्या नावानं कॉलेजात येते आणि पोस्टमन ती माझ्याकडे देतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सिग्माचं पान कुठे असतं ते आता माहीत झालंय. घरी आणली की बायको स्वयंपाकघरातून विचारते, ‘आहे ना हो द्वारका?’

मी पान काढून बघतो आणि सांगतो, ‘आहे.’