दुखायच्या आधीची गोळी

मिस्त्री कशावरही आधी बोटाच्या पेरानं टकटक करायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. कलिंगड असो, गॅसची टाकी असो, नाहीतर नव्या साहेबाचं टेबल. "ठोकल्याबिगर खरं कळत न्हाई," म्हणायचा. चाकणच्या आमच्या प्रेस शॉपमध्ये तो डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे जड साचे, बसवायचा आणि मी सुपरवायझर होतो. तुमच्याही कंपनीत असा मशीनला कान लावणारा एखादा असेल. आमचा कधी चुकत नसे, एवढंच.

म्हणून आधी हे लिहून टाकतो. डाय उचलायच्या चेन ब्लॉकची साखळी ठोकून तो मला म्हणाला होता, "सायेब, आवाज फुटका हाय." मी घड्याळाकडे बघत म्हणालो, "चालतंय तोवर चालू दे." दोन दिवसांनी साखळी सरकली, डाय कलली आणि ती सावरताना त्याचा उजवा खांदा गेला. त्यानंतर तो हात खांद्याच्या वर गेलाच नाही. चौकशीत त्यानं माझं नाव घेतलं नाही, आणि मीही घेतलं नाही.

आम्ही दोघं रिटायर झालो. मग बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या आणि मिस्त्री पेटला! त्याच्या गावच्या यात्रेत घाटाच्या, म्हणजे गाडे धावायच्या चढाच्या, माथ्यावर झेंडा धरायचा मान त्याच्या घराण्याचा. झेंडा उंच धरायचा आणि बैलांनी रेषा ओलांडली की खाली पाडायचा. मी म्हटलं, डाव्या हातानं धर की. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. देवाचं काम उजव्याच हाताचं. सत्तरी जवळ आलेली असताना गडी खांद्याच्या ऑपरेशनला तयार झाला.

वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. माझा फ्लॅट निगडीला, हॉस्पिटलपासून जवळ. पहिला दिवस त्याला मीच सांभाळतो म्हणालो.

भुलीच्या डॉक्टर तरुण होत्या. मानेच्या कडेला, सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुई देऊन हाताच्या नसा सुन्न करायच्या, म्हणजे ऑपरेशननंतरही बराच वेळ दुखत नाही, असं त्यांनी समजावलं. मिस्त्रीचे डोळे चमकले.

"म्हंजे मेन स्विच चालूच. फकस्त ह्या लाइनीचा फ्यूज काढायचा."

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, हे आता मी सगळ्यांना असंच सांगणार.

दुपारी तो बाहेर आला, तेव्हा हात झोळीत आणि चेहरा जत्रेतल्यासारखा. डाव्या हातानं उजव्या हाताच्या बोटांवर टकटक केली, मान तिरकी केली. "सायेब, ह्यो कुनाचा हात बांधलाय मला?" त्या सुईनं आवाजही घोगरा झाला होता. उतरेल म्हणून डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्याच घोगऱ्या आवाजात त्यानं घरी जाताना निम्म्या गावाला फोन केले. मीही हरखून गेलो होतो. इतकी वर्षं छातीवर असलेला दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "काका, हात सकाळपर्यंत सुन्न राहील. तो जागा व्हायच्या आत गोळ्या पोटात गेल्या पाहिजेत. दुखत नाही म्हणून थांबू नका."

संध्याकाळी जेवण झाल्यावर मिस्त्रीनंच विचारलं, "गोळीची येळ झाली न्हवं?"

"दुखतंय का?"

"कायबी न्हाई."

"मग कशाला उगाच? चालतंय तोवर चालू दे."

वाक्य तोंडातून गेलं आणि मलाच ओळखीचं वाटलं. तो जरासा हसला आणि आडवा झाला. कंपनीत तो माझ्याशी कधी दुसऱ्यांदा वाद घालत नसे.

दूधवाला यायच्या सुमाराला फ्यूज परत बसला. मिस्त्रीनं तोंडात टॉवेल कोंबला होता. कपाळावरून घाम ओघळत होता. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी विचारलं, "गोळ्या दिल्या होत्या ना?" फोन स्पीकरवर होता. मी गोळ्यांच्या न फोडलेल्या पाकिटाकडे बघितलं. तेवढ्यात पलंगावरून घोगरा आवाज आला, "म्याच न्हाई घेतल्या, बाई. मला नगं वाटल्या."

दुखणं उतरायला दुपार झाली. पण 'गोळी नाकारणारा वाघ' ही गोष्ट गावभर झाली आणि मी ती होऊ दिली. पुढच्या यात्रेला त्यानं उजव्या हातानं झेंडा उचलला, तेव्हा अख्खा घाट ओरडत होता. सगळ्यात जास्त मी.

मिस्त्री पावसाळ्यात गेला. झोपेतच.

या वर्षी यात्रेत झेंडा त्याच्या पुतण्याच्या हातात होता. निवेदकानं लाउडस्पीकरवरून मिस्त्रीची आठवण काढली, "दुखण्याची गोळी न घेणारा आमचा वाघ!" माझ्या शेजारी त्याचा चुलतभाऊ बसला होता. आठवड्यानं त्याच्याही खांद्याचं ऑपरेशन. मांडी थोपटत म्हणाला, "आमीबी न्हाई घेनार गोळी. रक्त येकच हाय."

मी उठलो. निवेदकाच्या मंडपापर्यंत कसा गेलो आठवत नाही. माइक मागून घेतला आणि चालू आहे का बघायला बोटाच्या पेरानं ठोकला. टक, टक. आवाज घाटभर घुमला. आमच्या प्रेस शॉपची चार-पाच म्हातारी डोकी एकदम वळली.

"मिस्त्रीनं गोळी नाकारली नव्हती," मी म्हणालो. "त्यानं मागितली होती. मी दिली नाही. आणि साखळीचा आवाज फुटका आहे, हेही त्यानं आधी सांगितलं होतं. तेही मीच ऐकलं नाही."

वहिनी बायकांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

मग खालून चुलतभाऊ मोठ्यानं म्हणाला, "मंग सायेब, गोळी कवा घ्यायची?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा. दुखायच्या आधी."

वर पुतण्यानं झेंडा उचलला. उजव्या हातानं.