मायनस बावीसमधला माणूस

थंडी मला कुणी शिकवू नये. दुबईतल्या जबल अलीच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये तेरा वर्षं मी मायनस बावीसमध्ये काढली होती. आधी कार्टन उचलणारा, मग फोर्कलिफ्टवाला, शेवटी फोरमन. बाहेर पंचेचाळीस डिग्री, डांबर चपलेला चिकटतंय, आणि आत आमच्या भुवया पांढऱ्या. वेंगुर्ल्याचा माणूस मी, लग्नापर्यंत स्वेटर अंगाला लागला नव्हता. पण थंडीच्या बाबतीत काश्मीरवाल्यानंही माझ्याकडे शिकवणीला यावं, असं मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो.

मुलगी मात्र शारजात वाढलेली. दुसरीत असताना शाळेत तिला वडील कामावर असतानाचं चित्र काढायला सांगितलं. तिनं मला काढलं. निळं जाड जॅकेट, कानटोपी, नाकाला लाल रंग आणि चहूकडे बर्फ. खाली लिहिलं, माझा बाबा बर्फात काम करतो. बाईंनी म्हणे वर्गासमोर विचारलं, दुबईत कुठला आलाय बर्फ? सगळी पोरं हसली. बाईंनी नवा कागद दिला आणि आता खरं चित्र काढ म्हणाल्या. मग तिनं मला टेबलाशी बसवलं, समोर कॉम्प्युटर, गळ्यात टाय. त्याला स्टार मिळाला. पहिलं चित्र शाळेतच कुठंतरी कचऱ्यात गेलं.

बायकोनं तो टायवाला कौतुकानं फ्रिजवर लावला. पाणी प्यायला गेलो की तो दिसायचा आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. त्यानंतर कुणीही विचारलं की पोरगी सांगायची, बाबा लॉजिस्टिक्समध्ये आहे. शाळेत घ्यायला गेलो तर आधी विचारणार, बाबा, जॅकेट गाडीतच ठेवशील ना? कारण जॅकेटला फ्रीझरमधल्या मासळीचा वास. मला वाईट वाटायचं, सरळ सांगतो. माझ्या कामाची मला कधी लाज वाटली नाही. ती तिला वाटत होती, आणि त्यावर मला काही करता येत नव्हतं.

आणि दोन हजार पाचच्या डिसेंबरात दुबईत बर्फ आला. नव्या मॉलमध्ये छपराखाली अख्खा डोंगर. वर जायला लिफ्ट, पायथ्याशी लाकडी घरं, कोपऱ्यात दिव्यांचं ख्रिसमस ट्री. पोरगी तेव्हा चौदाची होती. हिवाळ्याची सुट्टी लागली तशी तिला आणि तिच्या तीन मैत्रिणींना तिथं जायची घाई झाली. कुणाच्या तरी आईवडिलांपैकी एकानं न्यायला हवं होतं. मी कुणाला बोलूच दिलं नाही. शुक्रवारी मी नेतो म्हणालो. मनात म्हटलं, आज कळेल हिला बाप काय चीज आहे.

गाडीत बसल्यापासून मी सूचना सुरू केल्या. मोज्यांची एकच जोडी. दोन घातल्या की बुटात पाय आवळतो, घाम येतो, आणि मग तोच घाम गारठतो. लोकरीचे हातमोजे तर अजिबात नकोत, ओले झाले की संपलं. चौघींनी मोज्यांच्या दोन-दोन जोड्या घातल्या होत्या आणि रंगीत लोकरीचे हातमोजे मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी कामावरच्या पिवळ्या हातमोज्यांच्या चार जोड्या आणल्या होत्या. त्या काढायला लागलो तशी पोरगी हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, प्लीज. ते बाहेर काढू नकोस." एरवी आमच्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी ही मुलगी, मैत्रिणींना कळू नये असं काही असलं की मराठीवर यायची. मॉलपाशी उतरल्यावर मी तीन जोड्या डिकीत टाकल्या आणि एक खिशात कोंबली.

काउंटरवर जॅकेट, पँट, बूट मिळाले. दार उघडलं, हवा लागली आणि पोरी किंचाळल्या. मी नाकानं हवा ओढली आणि म्हणालो, मायनस दोन. पुढं भिंतीवर आकडा होता, मायनस दोन. माझी छाती अशी फुगली म्हणता! पण पोरगी तोपर्यंत पुढं गेली होती.

मग पायात स्की चढवल्या आणि सगळं बिघडलं. आमच्या फ्रीझरचा पहिला नियम, घसरायचं नाही. पाऊल सपाट, छोटं, वजन मधोमध. गंमत म्हणून कुणी घसरला तर त्या दिवशी मी त्याला परत आत घेत नसे. तेरा वर्षांत मी एकदाही पडलो नव्हतो. आणि इथला शिकवणारा, कुठल्यातरी बर्फाच्या देशातला गोरा पोरगा, सांगत होता की गुडघे वाकवा, पुढं झुका आणि घसरू द्या. माझं डोकं हो म्हणत होतं, पाय ऐकत नव्हते. ज्यूसच्या ग्लासाबाहेर कधी बर्फ न पाहिलेली पोरं अर्ध्या तासात सरसर खाली जायला लागली. मी मात्र उतारावर आडवा उभा राहून, एकेक पाऊल टाकत, खेकड्यासारखा खाली आलो. पाचेक वर्षांचा एक पोरगा माझ्या बाजूनं घसरत गेला आणि मागं वळून मला बघून घेतलं. मैत्रिणी हसत होत्या. आमची हसत नव्हती, दुसरीकडं बघत होती. ते मला जास्त लागलं.

मी स्की काढल्या आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. आता उगाच उभं राहायचं तर नजर आपल्या सवयीनं काम करते. फ्रीझरमध्ये मी माणसांचे हात बघतो. कोण हात झटकतोय, कोण लपवतोय, कुणाची बडबड अचानक थांबलीय. तासाभरानं आमच्या पोरीची बडबड थांबली. ती बऱ्याचदा पडली होती, गुलाबी हातमोजे भिजून लोंबत होते. जॅकेटची चेन उघडायला बघत होती आणि बोटांना ती सापडत नव्हती. मी निघालो, सपाट पावलांनी, भराभर. हातमोजे ओढून काढले. बोटं निम्म्यापर्यंत पांढरी पडलेली, दाबली तरी तिला कळत नव्हतं. मैत्रिणी तिला बाथरूममधल्या गरम हवेच्या मशीनकडं ओढायला लागल्या.

"थांबा," मी म्हणालो. आवाज फ्रीझरमधला निघाला. शिकवणारासुद्धा जागच्या जागी थांबला.

मी जॅकेट उघडलं, तिचे दोन्ही हात माझ्या काखेत घेतले आणि दाबून धरले. तिला सांगितलं, चोळायचं नाही, गरम हवा नको, अशीच उभी राहा. आता दुखेल. दुखलं की समज, बोटं परत येतायत. आणि दुखलं तिला. माझ्या छातीवर डोकं टेकून रडली, चौदा वर्षांची मुलगी, सगळ्यांसमोर. बोटं लाल झाली तसे मी खिशातले पिवळे हातमोजे काढले आणि तिच्या हातात चढवले. कोपरापर्यंत आले. मासळीचा वास होताच.

मैत्रिणींतली एक अगदी इयत्ता दुसरीपासून हिच्याच वर्गात होती. तिनं विचारलं, अंकल, तुम्हाला हे सगळं कसं माहीत? मी लॉजिस्टिक्स म्हणायला तोंड उघडलं. उगाच कशाला पोरीला खाली बघायला लावा? पण पोरगीच माझ्या आधी बोलली.

"ही वर्क्स इन द स्नो," ती म्हणाली. "आय टोल्ड यू. इन सेकंड स्टँडर्ड."

किती डिग्री, असं मैत्रिणीनं विचारलं, तेव्हाही उत्तर तिनंच दिलं. मायनस बावीस. जणू हीच जातेय रोज पहाटे कंपनीच्या बसनं.

मग तिनं मला परत उतारावर नेलं. आता मी सांगेन तसं करायचं म्हणाली. मी पाय सोडले. दहा-बारा हात छान गेलो आणि सपशेल आडवा झालो. तेरा वर्षांत पहिल्यांदा पडलो आणि बर्फात पडल्या पडल्या हसत सुटलो.

घरी परतताना, मैत्रिणींना सोडून झाल्यावर, ती म्हणाली तिला माझा फ्रीझर बघायचाय. मी म्हटलं, वास येतो. माहितीय, म्हणाली.

शनिवारी मॅनेजरकडून पाच मिनिटांची परवानगी काढली. माझं निळं जॅकेट तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. दार उघडण्याआधी मी मोजे तपासले, एकच जोडी होती. आत गेलो तशी आमची कोकणातली पोरं पॅलेटपाशी काम थांबवून बघायला लागली. ती माझ्या मागून सपाट, छोट्या पावलांनी चालत मधोमध आली आणि उभी राहिली. छतापर्यंत रचलेली कार्टन बघितली, पाइपांवरचा बर्फ बघितला, मग माझ्याकडं बघितलं. आणि सगळ्यांना कळावं अशा मोठ्या आवाजात, मराठीत म्हणाली, "बाबा, मी हेच काढलं होतं."