खुंटीला टांगलेले शब्द

रविवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझे साडू फाटकाशी उभे राहिले आणि त्यांनी मला इंग्रजीत हाक मारली. "ऑस्टिअर, घरात हाय काय?" मी घरात होतो. इंग्रजीतील अवघड शब्दांचे अर्थ माझ्या साडूंइतक्या निष्ठेने साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात कोणी पाठ केले नसतील, आणि इतके पाठ करून इंग्रजीचे एक वाक्यही न बोललेला दुसरा मनुष्य नसेल, असे मी विचारांती म्हणतो.

साडू म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. दुसरबीडला रस्त्यालगत त्यांचे हार्डवेअरचे दुकान आहे. आता ते त्यांचा मुलगा प्रकाश चालवतो. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ते दुकानातून जेवायला म्हणून निघाले आणि माझ्याकडे येऊन पाटावर बसले. मी वाढले. जेवण झाल्यावर त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार केली, तेव्हा कुठे आपण दुसऱ्याच्या घरात आहोत हे त्यांच्या ध्यानात आले. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की, स्मरणशक्ती उतरणीला लागली आहे. रोज काही नवे शिकत राहा, उतार जरा सावकाश होईल. दुसऱ्या कोणी भजने पाठ केली असती. साडूंनी दुकानदाराचा विचार केला. माल जाऊन राह्यला तर माल भरला पाहिजे, आणि भरायचाच तर भारी भरावा. नोकरी लागल्यावर नातू आपला स्पर्धा परीक्षेचा जाडजूड शब्दकोश घरीच टाकून गेला होता. साडूंनी तो उघडला.

खुंटीला टांगलेली वस्तूच वेळेवर सापडते, हा त्यांचा दुकानातला नियम. बिजागऱ्या, साखळ्या, विळे सगळे टांगलेले असे. तोच नियम त्यांनी शब्दांना लावला आणि प्रत्येक शब्द गावातल्या एकेका माणसाला टांगला. पिठाच्या गिरणीवाल्याला 'गॅर्युलस' मिळाला. त्याला ही पदवी वाटली व ती तो दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला. कोणीतरी मोबाईलमध्ये पाहून 'बडबड्या' हा अर्थ सांगितला, तेव्हा त्याने बोलणेच टाकले; त्याची तब्येत बिघडली असावी या समजुतीने गिऱ्हाईक दुसऱ्या गिरणीकडे वळले. अखेरीस साडूंनाच जाऊन त्याला बोलता करावे लागले. हरिपाठ सांगणाऱ्या बुवांना 'सोपोरिफिक', म्हणजे झोप आणणारे. बुवांनी अर्थ विचारला तेव्हा साडू म्हणाले, "बुवा, तुमच्यापाशी बसलं का माणूस सारं इसरते." बुवा प्रसन्न झाले. साडू खोटे बोलले नव्हते. मला 'ऑस्टिअर' दिला, म्हणजे करड्या शिस्तीचा. त्याचा अर्थ त्यांनी असा सांगितला, "बाभूळ. सावली हाय, पण बूड टेकायचं त काटे पाहून."

पुढे उतार वाढला. माणसांची नावे गळू लागली, शब्द मात्र खुंटीला राहिले. साडू रस्त्याने जाताना लोकांना शब्दांनीच हाक मारू लागले, आणि ज्यांना पूर्वी राग आला होता तेही मुकाट्याने ओ देऊ लागले. गिरणीवाला तर दोन आळ्या पलीकडून देतो. यावर गावात कधी बैठक झाली नाही. तसे ठरत गेले.

त्या रविवारी साडूंच्या काखेत शब्दकोश होता आणि चेहरा उतरलेला होता. ओट्यावर बसून त्यांनी सांगितले की, आदल्या दिवशी एक बाई दारात येऊन सुभद्राबाई आहेत का असे विचारू लागली. इथे कोणी सुभद्राबाई राहत नाहीत, असे सांगून त्यांनी तिला परत पाठवले. पत्नीने ते आतून ऐकले. चहा आणून दिला.

"साडूबुवा," ते म्हणाले, "सुभद्रा म्हंजे पक्याची मायच ना हो?"

मी हो म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. त्यांच्या पिढीत, आणि माझ्याही, पत्नीला नावाने हाक मारण्याची रीत नव्हती. लग्नात घास भरवताना उखाण्यात एकदा घेतले तेवढेच. पुढे सारा संसार 'ऐकलं का' आणि 'पक्याची माय' यांवर झाला. शब्दही तिला दिला नव्हता. "घरातलीच त होती," ते म्हणाले. "तिले काय टांगायचं? आता एक शब्द पाहून द्या. आज नाव सांगसान, पण उद्या सकाळी ते माह्यापाशी राहीन काय?"

मी चष्मा लावून शब्दकोश उघडला. 'इन्डिफॅटिगेबल' काढला, न थकणारी.

"थकते ना. रात्री आपलेच पाय दाबत बसते. मी जागा दिसलो का हात काढून घेते."

'मॅग्नॅनिमस', उदार मनाची.

"तेलाच्या बाबतीत नाही."

'प्लॅसिड', शांत.

"तुमचं घर लांब हाय म्हणून बोलता."

पाने उलटता उलटता चहा निवला. प्रत्येक शब्द त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. शेवटी ते म्हणाले की हिच्या मापाचा यात निघत नाही. मी शब्दकोश मिटला व म्हणालो, "मग नावच पाठ करा. मोठ्याने."

त्यांनी आधी रस्त्याकडे पाहिले. मग भिंतीकडे तोंड करून, चोरी केल्यासारखे, नाव घेतले. मी मोठ्याने घ्यायला सांगितले. शाळेतल्या पाढ्यासारखे त्यांनी ते घोकले आणि ते विसरण्याच्या आत आम्ही त्यांच्या घरी निघालो. वाटेत गिरणीवाला बोलू पाहत होता. मी हाताने थांबवले.

अंगणात उभे राहून साडूंनी हाक मारली, "सुभद्रा!"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. सुभद्राबाई, म्हणजे आमच्या आक्का, हात पुसत दारात आल्या. त्यांनी यजमानांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काऊन, कोणी गेलं काय?"

"कोणी नाही गेलं," साडू म्हणाले. "तुले हाक मारून राह्यलो."

आक्का क्षणभर उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. पदर सारखा केला.

"मंग मारा अजून," त्या म्हणाल्या. "माहा तवा तापून राह्यला. आतून ओ देईन."

त्या आत गेल्या. साडूंनी पुन्हा हाक मारली. आतून ओ आली. मी निघालो तेव्हा ते चालूच होते, आणि त्यांच्या फाटकापर्यंत मला ते ऐकू येत होते.

घरी येऊन मी मोटर सुरू केली आणि परसातल्या वांग्यांना पाणी सोडले.